चार काळी पाती

१

तिसऱ्या पात्यानं मान टाकली तेव्हा खोलीत निम्मं तिएर गाव जमलं होतं. फ्रान्समधलं, चाकू घडवणारं गाव आमचं.

चाचणी साधी होती. लाकडी ठोकळ्यावर तागाचा जाड दोर ठेवायचा, चाकू दाबून ओढायचा, तुकडा पडला की पुढचा कापायचा. मधूनमधून वर्तमानपत्राचा कागद कापून बघायचा. कागद सुळकन कापला तर पातं जिवंत, चघळल्यासारखा फाटला तर मेलं. पहिलं पातं कापून कापून कापणाऱ्याचा खांदा भरून आला तरी चालत होतं. दुसरंही तसंच. तिसऱ्यानं मात्र पहिल्या दोरातच कागद चघळायला घेतला. चौथं परत उत्तम.

चारही पाती काळी रंगवलेली होती. कोणतं कोणाचं हे कोणालाच माहीत नव्हतं. खुणा ठोकल्या होत्या मुठीखालच्या भागावर, आणि त्यावरही रंग होता. मी निवृत्त फौजदार आणि गावात कोणाच्याच बाजूचा नाही, म्हणून मुठी काढायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या पात्याच्या बुडावरचा रंग मी खिळ्यानं खरवडला. खालून आन्सेल्मची खूण निघाली.

आन्सेल्म बूर्देल म्हणजे आमच्या गावात पोलादाला पाणी देणारा शेवटचा माणूस. पातं लाल करून विझवायचं, त्याला कडक करायचं, हे काम तो मिसरूड फुटायच्या आधीपासून शाजो घराण्याच्या भट्टीवर करत आला होता. त्यानं पातं हातात घेतलं, धारेवरून नख फिरवलं. धार दुमडली होती. त्यानं टोपी घातली, मागच्या भट्टीच्या खोलीत गेला आणि भट्टीचा खटका बंद केला.

त्या भट्टीत पाती तापवायला मीठ वितळवून ठेवलेलं असतं, लाल रस नुसता. तो वर्षानुवर्षं निवू द्यायचा नसतो. निवला की मीठ आवळतं आणि मडकं तडकतं. सकाळी जाऊन पाहिलं तर तडकलं होतं. आता ती भट्टी पेटणार नव्हती, आणि तसं मडकं घडवणारं कोणी उरलं नव्हतं.

शाजो कारखान्याची मालकीण आर्मेल शाजो हिनं सगळ्यांसमोर शब्द दिला होता: जे पोलाद जिंकेल ते आमचं. आन्सेल्मचं साधं कर्बाचं पोलाद जिंकलं असतं तर भट्टी राहिली असती. बाकीच्या तीन महागड्या पोलादांपैकी कोणतंही जिंकलं तरी पाती बाहेरगावच्या मोठ्या कारखान्यात तापवायला जाणार होती, कारण त्यांना लागते तेवढी आच या भट्टीत नव्हतीच. निकाल लागला त्याच संध्याकाळी आर्मेलच्या भाच्यानं करारावर सही ठोकली.

दोन दिवसांनी आन्सेल्मनं मला बोलावलं.

२

तो अंथरुणाला खिळला होता. छातीचं दुखणं जुनंच, पण माणूस कामाला जात होता तोवर ते दबा धरून होतं. डॉक्टर मला जिन्यात भेटले. मी भुवया उंचावल्या, त्यांनी मान हलवली. एवढ्यात सगळं कळलं.

"बस रेमी," आन्सेल्म म्हणाला. "जन्मभर चोर पकडलेस. एक शेवटचा पकड."

"संशय कोणावर?"

"माझ्यावर."

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो छताकडे बघत होता.

"पातं देताना मी कानस फिरवली होती," तो म्हणाला. "काचेवरून घसरावी तशी घसरली. म्हणजे कडक होतं. निदान मला तसं वाटलं. पण डोळे गेले, कान गेले. हात राहिला असं धरून चाललो होतो. तोही गेला असेल आणि मला कळलंच नसेल, तर? मला भट्टी परत नको. करार मोडायला नको. मला फक्त एवढं सांग, की हात चुकला की नाही. तेवढं कळलं की मी जायला मोकळा."

"आणि नसेल चुकला, तर कडक पातं नरम कसं पडेल?"

"पाणी दिलेलं पातं परत तापवलं की पाणी उतरतं. माझं तर पटकन उतरतं. मी ते जेमतेम शेकतो, वाळल्या गवताच्या काडीसारखा फिकट रंग येईपर्यंत, बस. त्याच्या पुढे आच लागली की गेलं."

"बाकीच्या तिघांचंही तसंच?"

"त्यांची जात वेगळी. क्रोम, व्हॅनेडियम, काय काय कोंबलेलं असतं. मी कधी हात लावला नाही, मला विचारू नकोस." त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी त्याचा हात धरून बसलो. "लवकर कर," तो म्हणाला.

म्हणजे कोणीतरी आन्सेल्मचं पातं गुपचूप तापवलं होतं. आणि गावात एकच माणूस असा होता, ज्याला त्यातून घबाड मिळणार होतं.

३

ल्युडोविक शाजो, आर्मेलचा भाचा. भट्टीची इमारत नदीकाठाला आहे. तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायचं याच्या मनात कधीपासून होतं. चार पात्यांना मुठीही यानंच बसवल्या होत्या. पूर्ण एक दिवस पाती याच्या ताब्यात होती. मला तर हा सापडल्यातच जमा होता.

"या फौजदार," तो म्हणाला. "वाटच बघत होतो. म्हटलं, गुडघे चढू देतायत की नाही."

"गुडघ्यांचं माझं मी बघीन. पाती तुझ्याकडे होती."

"होती ना. चारही. काळी कुळकुळीत." त्यानं खुर्ची पुढे सरकवली. "आता तुम्ही सांगा, मी त्यातलं म्हाताऱ्याचं ओळखलं कसं?"

"या गावात पोरसुद्धा रंगावरून पोलाद ओळखतं."

"म्हणून तर काळं करायला लावलं! माझीच कल्पना ती. कर्बाचं राखाडी दिसतं, स्टेनलेस पांढरं, धातूच्या भुकटीपासून केलेलं दुधट. सगळं गाव म्हाताऱ्याचं भक्त. दोर कापणाऱ्यानं त्याचं पातं ओळखून जरा हलक्या हातानं धरलं असतं की झालं काम. आत्यालाही पटलं. तिनं चारही पाती घरी नेली, कपाटात कुलपात ठेवली, स्वतःच्या हातानं रंगवली. त्या आठवड्यात मला तिनं घराच्या आत घेतलं नाही. सख्खा भाचा मी."

"वजन?"

"एकाच साच्याची पाती. लोहचुंबक चारही पात्यांना चिकटतो. सहाणेवर धरून ठिणग्या बघितल्या तर ओळखता येतं, पण मग रंग उडाला असता. उडाला होता?"

उडाला नव्हता. मीच तर खरवडला होता. खूण अख्ख्या रंगाखाली होती आणि कोणी तिला हात लावलेला नव्हता.

"मला भट्टी नको होती, हे खरं," ल्युडोविक म्हणाला. "मी ते कधी लपवलं नाही. पण मी काही केलं नाही. ते पातं आपोआप मेलं. म्हाताऱ्याचं वय झालं, फौजदार. तुमचंही झालंय, राग मानू नका."

राग तर मला आला. पण रागावून करता काय, पोरगा बरोबर बोलत होता. काळं झाल्यावर आन्सेल्मचं पातं कोणी निवडूच शकत नव्हतं. आणि काळं व्हायच्या आधी पाती एकाच माणसाच्या कपाटात होती.

४

आर्मेलकडे जायला माझे पाय उचलेनात. म्हणून आधी साबीन ओर्सिव्हालला गाठलं. ही पोलाद विकणारी बाई, जिंकलेलं पातं हिच्या भुकटीच्या पोलादाचं. बाहेरगावची, चौकातल्या हॉटेलात उतरलेली. मला वाटलं पेढे वाटत असेल. बघतो तर कपाळाला आठ्या.

"अभिनंदन," मी म्हटलं.

"कसलं अभिनंदन, मस्यू. माझं पातं कमी पडलं."

"जिंकलं की."

"जिंकलं, पण जेवढं चालायला हवं तेवढं चाललं नाही. मी हे पोलाद दहा गावांत कापून दाखवलंय. इथे ते आधीच दमलं. फार नाही, थोडंसं. तुमच्या लक्षात येणार नाही, माझ्या येतं. ते स्टेनलेसही तसंच, मला त्याची ताकद माहीत आहे." तिनं कॉफी ढवळली. "दोर तुमचा चिवट असेल."

"दोर नेहमीचाच होता. मला सांगा, तुमच्या पोलादाला आच लागली तर?"

तिथे तिचा चेहरा खुलला. विकणाऱ्या माणसाला मालाबद्दल विचारा, भूक लागलेलीही विसरतो. "त्यासाठी तर लोक पैसे मोजतात. तव्यावर ठेवा, चुलीवर ठेवा, कडकपणा उतरला तर केसभर. साध्या कर्बाच्या पोलादाचं तसं नाही. ते बिचारं थोड्या उबेनंही मऊ पडतं."

"आन्सेल्मबद्दल काय वाटतं?"

तिनं चमचा बशीत ठेवला. "त्यांच्या हातची जुनी पाती मी पाहिली आहेत. तसं पाणी आता कोणी देत नाही. मला त्यांना हरवायचं होतं हो, पण असं नाही."

हॉटेलातून बाहेर पडलो आणि पायऱ्यांवरच थांबलो. जिंकलेला माणूस कुरकुर करतोय, हे मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. पण मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. माझ्या डोक्यात एकच नाव घोळत होतं, आणि ते मला नको होतं.

५

आर्मेल आणि आन्सेल्म त्या भट्टीच्या आवारातच वाढले. तो आत, ती बाहेर, कारण तिच्या बापानं मुलीला आगीजवळ कधी जाऊ दिलं नाही. ती विक्री बघायची, तो पाती. तिनं लग्न केलं नाही, त्यानंही नाही. गाव काय म्हणायचं ते म्हणून दमलं.

मी गेलो तेव्हा रविवार होता. तिच्याकडे रविवारी साय घातलेली बटाट्याची टार्ट असते, गावात नावाजलेली. त्या दिवशी तिनं थंड हॅम आणि मसुराची कोशिंबीर पुढे केली. मी खिशातून माझा चाकू काढला, तिनं तिचा. इथे पाहुण्याला सुरी देत नाहीत, जो तो आपली घेऊन येतो.

"टार्ट नाही?" मी विचारलं.

"ओव्हनला घाण वास मारतोय. दोन रविवार झाले, जातच नाही. तू टार्ट खायला आलास की माझी उलटतपासणी घ्यायला?"

"दोन्हीला."

"मग घे. पाती माझ्या कपाटात होती, किल्ली माझ्या गळ्यात. कोणी आलं नाही. रंगवलीही मीच, उरलेला डबा तिथे फळीवर आहे. चारही पात्यांना सारखा रंग, सारखा वेळ, सारखं सगळं. एकाला झुकतं माप दिलं असं म्हणायला मी जागाच ठेवली नाही." तिचा आवाज चढला. "तुला काय वाटतं, मला आन्सेल्म हरायला हवा होता? मी रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावत होते त्याच्यासाठी. पण उघड बाजू घेतली असती तर ल्युडोविकनं कोर्टात खेचलं असतं. म्हणून मी तराजूच्या काट्यासारखी सरळ राहिले, रेमी."

तिनं डोळे पुसले नाहीत. तशी बाई नव्हे ती. पण ताटलीतला हॅम तिनं कापून कापून बारीक केला, खाल्ला नाही.

"काय शोधलंस?" तिनं दारात विचारलं.

"अजून काही नाही."

"त्याचा हात चुकला असेल तर तसं सांग. मला खरं ऐकायचंय." मी निघताना तिच्याकडून रंगाचा डबा मागून घेतला. का, ते मलाच नीट माहीत नव्हतं. पोलिसाला रिकाम्या हातानं परतायची सवय नसते एवढंच.

६

घरी आल्यावर मी वेड्यासारखं एक काम केलं. माझ्याच चाकूचं पातं त्या रंगानं काळं केलं आणि खिडकीत वाळत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. रंग वाळला होता, बोटाला लागत नव्हता. चीज कापलं तर चीजवर काळा पट्टा उठला. पाव कापला, पातं निम्मं पांढरं झालं.

मी घास तसाच ठेवला. दोरांचे ढीग कापूनही त्या चार पात्यांचा रंग हलला नव्हता. मला तो खिळ्यानं खरवडावा लागला होता.

भिंग घेऊन डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. रंग शेगड्यांना लावायचा होता. नुसता वाळवला तर निघतो, पक्का बसायला चांगला कडक तापवावा लागतो. घरच्या ओव्हनची जेवढी धाव असते तेवढा.

मग एकेक गोष्ट आपापल्या जागी येऊन बसली, आणि मला त्यातल्या एकीचाही आनंद झाला नाही. आन्सेल्मचं पातं कोणी निवडूच शकत नव्हतं, कारण ते कोणी निवडलंच नव्हतं. जे झालं ते चारही पात्यांना झालं होतं. साबीनची कुरकुर खरी होती, तिचं पातंही केसभर नरम पडलं होतं. स्टेनलेसही. ती पोलादं आच सोसणारी, म्हणून निभावली. कर्बाचं पोलाद तेवढी आच सोसत नाही, म्हणून तेवढंच मेलं. मी चोर शोधत गावभर जिने चढत होतो. चोर नव्हताच. एका बाईनं चौघांना अगदी सारखं वागवलं होतं. रंग दोरावर उतरून पातं ओळखू येऊ नये म्हणून चारही पाती ओव्हनमध्ये ठेवली होती, आणि तो वास अजून तिच्या स्वयंपाकघरातून जात नव्हता.

७

आन्सेल्मला सगळं सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्यानं उजवा हात पांघरुणातून बाहेर काढला, डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ उलटसुलट करून बघितला.

"नव्हता चुकला," तो म्हणाला.

"नाही."

"काचेसारखं होतं ते."

"होतं."

तो रडला. मी खिडकीबाहेर नदी बघत उभा राहिलो. मग मी म्हटलं, "पण मला एक कळत नाही. भट्टीवाल्याची लेक ती. तापवलं की पाणी उतरतं, हे तिला कळू नये?"

"बापानं आत येऊ दिलं असतं तर कळलं असतं," आन्सेल्म म्हणाला. "तिच्या लेखी आग म्हणजे लाल. दारातून लांबून दिसायची ती. टार्ट भाजायच्या ओव्हनला शाजोंच्या घरात कोणी आग म्हणत नाही." तो थकून थांबला. "तिला सांगितलंस?"

"आता इथून तिकडेच जातो."

"नको."

"आन्सेल्म, गावभर तुझ्या हाताला नावं ठेवतायत."

"ठेवू दे. मला कळलं, झालं. तिला काय मिळणार रे? करार गेला, मडकं फुटलं. ते मी फोडलं, रागाच्या भरात, एक रात्रसुद्धा थांबलो नाही. आणि ती तिथे एकटी राहणार, त्या अंगणात, समोर ती खोली. बापाची भट्टी आपल्या हातानं विझवली, तीही मला वाचवायला जाऊन. हे घेऊन ती जगेल? मी तर चाललोच आहे. वचन दे."

मी वाद घातला. खरं ते खरं, म्हटलं. जन्मभर याच्यासाठीच पगार घेतला, म्हटलं. पण मरणाऱ्या माणसाशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी वचन दिलं.

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. आर्मेल होती. एवढ्या पायऱ्या चढून आली होती, दम लागला होता. ती बसली नाही.

"रेमीला कळलंय काहीतरी," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावरून दिसतंय. मला सांगा."

मी आन्सेल्मकडे बघितलं. त्यानं हात पांघरुणाखाली घेतला होता.

"हात चुकला माझा, आर्मेल," तो म्हणाला. "पाणी नीट बसलं नाही. रेमीनं सगळं तपासलं."

ती माझ्याकडे वळली. मी मान डोलावली. नोकरीत कोर्टात कधी खोटी साक्ष दिली नाही, ती तिथे दिली.

ती काही क्षण काठीवर भार देऊन उभी राहिली. मला वाटलं आता ती त्याच्या उशाशी बसेल. तिचा चेहरा कडक होत गेला.

"मग आधी बोलायचं होतंस," ती म्हणाली. "आता होत नाही म्हणून सांगायचं होतंस. लाज कसली त्यात? मी बाबांची भट्टी तुझ्या भरवशावर पणाला लावली, आन्सेल्म."

"हो," तो म्हणाला.

"एक शब्द बोलला असतास तर मी वेगळं काही केलं असतं."

"हो. चुकलंच."

ती निघाली. जिना उतरताना तिनं माझा दंड धरला. अर्ध्यावर थांबून म्हणाली, "माणसाला कधी थांबावं ते कळायला हवं." मी तिला शेवटच्या पायरीपर्यंत पोचवलं.

पंधरवड्यात तो गेला. कबरीपाशी ल्युडोविक बोलला, आणि चांगलं बोलला, खोटं कशाला सांगू. शेवटचं एक पातं सोडलं तर या हाताला तोड नव्हती, असं म्हणाला. गावानं माना डोलावल्या. आर्मेलनंही डोलावली. मी टोपी हातात धरून तिच्या शेजारी उभा होतो.